शाईची वाट: इंक टँक प्रिंटर पहिल्यांदाच चालवणाऱ्यांसाठी

मागच्या जूनमध्ये गारगोटीकडचा एक पोरगा मोटारसायकलच्या मागच्या सीटवर प्रिंटर बांधून माझ्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या दुकानात आला. त्यानं नवीनच झेरॉक्स सेंटर टाकलं होतं. ॲडमिशनचा सीझन सुरू झालेला आणि प्रिंटर कोरे कागद बाहेर टाकत होता. "दादा, हेड गेलंय म्हणालेत. नवीन हेड टाकायचं तर निम्म्या प्रिंटरचे पैसे जातायत." हेड म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग.

मी प्रिंटर सपाट टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा टँकच्या कडेला बघितलं. त्या मॉडेलला तिथं एक छोटा फिरता खटका असतो. एका बाजूला छपाईची खूण, दुसऱ्या बाजूला वाहतुकीची. आधी कधीतरी सामान हलवताना तो वाहतुकीकडे फिरवलेला होता आणि परत फिरवायचा राहून गेला होता. म्हणजे टँक भरलेला, हेड चांगलं आणि मधली वाट बंद. खटका फिरवला, दोनदा हेड क्लीनिंग दिलं, थोडा वेळ थांबलो. चारही रंग आले.

"हेड गेलं" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रिंटरांपैकी बहुतेकांचं हेड शाबूत असतं. बिघाड असतो तो शाईच्या वाटेत: टँक, त्याचं हवेचं भोक, नळी, डॅम्पर, हेडखालची कॅप. ही वाट एकदा नीट डोळ्यांपुढे आली की निम्मे खर्च वाचतात. म्हणून हा लेख. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, कॉफीच्या मगवरचं आणि टी-शर्टवरचं प्रिंटिंग यांपैकी काहीही नव्यानं सुरू करणाऱ्यांनी पहिली बाटली उघडायच्या आधी तो वाचावा.

शाई हेडपर्यंत जाते कशी

पुष्कळांना वाटतं, टँकमधली शाई पाण्याच्या टाकीसारखी खाली येते आणि हेडमधून बाहेर पडते. सलाईनच्या बाटलीत तसं होतं. बाटली उंच टांगतात, थेंब आपोआप खाली येतो. प्रिंटरमध्ये याच्या बरोबर उलटी मांडणी असते. शाईची पातळी नोझलच्या, म्हणजे हेडमधल्या बारीक छिद्रांच्या, तोंडापेक्षा किंचित खाली ठेवलेली असते. त्यामुळे नळीतली शाई स्वतःहून बाहेर यायला बघत नाही, उलट तिच्यावर मागे जाणारी हलकीशी ओढ असते. नोझलच्या तोंडाशी शाईचा पडदा किंचित आत वाकून थांबलेला असतो. ही ओढ आणि पडद्याचा ताण यांचा तोल आहे तोवर हेड गळतही नाही आणि कोरडंही पडत नाही.

मग शाई बाहेर कशी पडते? त्याच्या दोन रीती. एप्सनच्या हेडमध्ये विजेनं वाकणारा पिझो स्फटिक असतो. तो वाकला की शाईच्या कप्प्याला दाब बसतो आणि एक थेंब उडतो. कॅनन आणि एचपीच्या हेडमध्ये सूक्ष्म हीटर असतो. तो क्षणात तापून शाईत वाफेचा बुडबुडा करतो आणि बुडबुडा थेंबाला ढकलतो. थेंब गेला की कप्प्यात तेवढी जागा रिकामी होते आणि नोझल पुढची शाई आपल्याकडे ओढून घेतं. एप्सनच्या एल १३० सारख्या चार रंगांच्या प्रिंटरचा सर्वांत लहान थेंब ३ पिकोलिटरचा, फोटोसाठीच्या एल ८०५ चा १.५ पिकोलिटरचा. १ मिलिलिटर शाईत ३ पिकोलिटरचे ३३ कोटींच्या वर थेंब बसतात. एवढ्याशा थेंबामागे पंप नसतो, फक्त नोझलनं शाई आपल्याकडे ओढून घेणं असतं. त्यामुळे वाटेत हवेचा लहानसा फुगा आला तरी सगळं अडतं.

हवा काय करते ते दुचाकी चालवणाऱ्याला लगेच कळेल. डिस्क ब्रेकच्या नळीत हवा शिरली की लिव्हर कितीही दाबा, स्पंजासारखा लागतो, पॅड डिस्कला धरतच नाहीत. पाणी, तेल, शाई दबत नाहीत, हवा दबते. पिझोनं दिलेला दाब हवेचा फुगा गिळून टाकतो आणि थेंब उडतच नाही. हीटरवाल्या हेडचा धोका आणखी मोठा: तिथं हीटरला थंड ठेवायचं कामही शाईच करते. कोरड्या हेडवर प्रिंट मारत राहिलात तर हीटर जळतो आणि मग खरोखरच हेड बदलावं लागतं.

टँक आणि हेड यांच्यामध्ये अनेक मशीनमध्ये डॅम्पर नावाची एक छोटी डबी असते. तिची एक बाजू पातळ पडद्याची, आत बारीक जाळी. हेड डावीकडून उजवीकडे पळतं तेव्हा नळीतली शाई हिंदकळते. तो हिसका पडदा झेलतो आणि जाळी कचरा अडवते. डॅम्परची जाळी तुंबली की लक्षण ठरलेलं असतं. ते पुढं सांगतो.

उंचीचा नियम, माझ्या नुकसानीसकट

आता कंपन्या टँक प्रिंटरमध्येच बसवून देतात. एप्सननं पहिला असा प्रिंटर २०१० मध्ये इंडोनेशियात आणला, पुढं तो आपल्याकडेही आला. त्याआधी आम्ही साध्या काट्रिजच्या प्रिंटरला बाहेरून शाईची पेटी जोडायचो. चार-सहा कप्प्यांची पारदर्शक पेटी, तिच्यातून निघालेल्या नळ्यांची पट्टी, आणि टोकाला चिप लावलेली काट्रिज. अशा किटवर चालणारे प्रिंटर जुन्या बाजारात अजून मिळतात, मोठ्या मशीनवरही हेच तत्त्व चालतं, म्हणून हे कळायलाच हवं.

पहिला किट बसवला तेव्हा माझ्या टेबलावर जागा नव्हती. मी पेटी प्रिंटरच्या झाकणावर ठेवली. दिवसभर झकास प्रिंट आल्या, रंग तर नेहमीपेक्षा गडद. संध्याकाळी एका लग्नाच्या अल्बमची पानं कापून प्रिंटरच्या खालच्या फळीवर रचून ठेवली आणि दुकान बंद केलं. सकाळी शटर उघडलं तर टेबलाच्या कडेवरून निळी-जांभळी धार खाली आलेली. पेटीतले सगळे कप्पे अर्ध्यावर. रात्रभर शाई उंचावरून नळीत, नळीतून हेडमध्ये, हेडमधून खाली उतरत राहिली होती. मी पेटी सलाईनसारखी टांगली होती आणि सलाईन जे करते तेच तिनं केलं. अल्बमची पानं पुन्हा काढून द्यावी लागली. ती तारीख पाळताना जी धावपळ झाली ती अजून आठवते.

तेव्हापासून नियम पक्का आहे. बाहेरची पेटी असेल तर तिचा तळ आणि प्रिंटरचा तळ एकाच सपाटीवर. पेटीखाली कागदाची रिम नको, प्रिंटरखाली लाकडाचा ठोकळा नको. पेटी वर गेली की हेड गळतं, रंग एकमेकांत मिसळतात, पिवळ्यात काळा उतरतो. पेटी फार खाली गेली की हेड उपाशी राहतं, मोठा फोटो निम्म्यावर फिका पडतो. टँक आतच बसवलेला असेल तर उंची कंपनीनं ठरवून दिलेली असते. तिथं तुमचं काम एवढंच की टेबल सपाट हवं. आपल्याकडच्या जुन्या दुकानांतली शहाबादी फरशी हमखास एका बाजूला उतरलेली असते. टेबलावर पाण्याची पातळी दाखवणारी ट्यूब ठेवून बघा, नसेल तर मोबाइलमधला लेव्हल दाखवणारा ॲप चालतो.

पेटीला दोन भोकं का असतात

किटच्या पेटीत प्रत्येक रंगाला दोन कप्पे असतात, एक मोठा आणि एक चिंचोळा. मोठ्याच्या तोंडाला रबरी बूच, चिंचोळ्याच्या तोंडाला हवेचा फिल्टर. नवीन माणूस इथंच चुकतो. एक तर दोन्ही बंद ठेवतो, नाहीतर दोन्ही उघडी.

कोंबड्यांच्या शेडमधला पाण्याचा ड्रिंकर आठवा. उपडी बाटली आणि खाली ताटली. बाटलीत कितीही पाणी असो, ताटलीतली पातळी तेवढीच राहते. कोंबडीनं पाणी प्यायलं, पातळी बाटलीच्या तोंडाखाली गेली, की एक हवेचा फुगा वर जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं. शाईच्या पेटीत मोठा कप्पा म्हणजे ती बाटली आणि चिंचोळा कप्पा म्हणजे ताटली. मोठ्या कप्प्याचं बूच हवाबंद असेल तरच चिंचोळ्या कप्प्यातली पातळी खाली, एका जागी राहते. हेडला जाणवते ती हीच खालची पातळी. म्हणून पेटी भरलेली असो वा तळाला आलेली, ओढ सारखीच राहते.

बूच सैल राहिलं तर मोठ्या कप्प्यातली शाई चिंचोळ्यात चढते, दोन्हीकडची पातळी सारखी होते, आणि भरलेल्या पेटीत ती हेडला पेलत नाही इतकी वर जाते. उलट, चिंचोळ्या कप्प्याचं भोक बंद असेल तर गेलेल्या शाईच्या जागी हवा येत नाही. दहा-बारा पानं छान येतात, मग रंग तुटत जातो. आत बसवलेल्या टँकलाही हवेची वाट असतेच, फक्त ती आत लपवलेली असते. म्हणून टँकच्या आसपास चिकटपट्टी लावू नये, आणि वरच्या रेषेपलीकडे शाई भरू नये. जास्त भरलेली शाई हवेच्या वाटेत शिरते आणि तिथंच वाळते.

पेटी भरायची असेल तेव्हा प्रिंटर थांबवा, चिंचोळ्या कप्प्याचं भोक बंद करा, मगच मोठ्याचं बूच काढा. प्रत्येक रंगाची सिरिंज वेगळी. भरून झाल्यावर आधी मोठं बूच घट्ट बसवा, नंतर चिंचोळं भोक उघडून फिल्टर लावा. हा क्रम उलटा झाला की शाई चिंचोळ्यात चढलीच.

नव्यानं धंदा सुरू करणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: किटच्या भानगडीत पडू नका, टँक आत असलेलाच प्रिंटर घ्या. विशेषतः काट्रिजमध्येच हेड असलेल्या स्वस्त प्रिंटरला नळ्या जोडून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. त्या काट्रिजचं हेड काही काळानं बदलायचं म्हणूनच बनवलेलं असतं.

बाटली उघडायच्या आधी ठरवा: कोणती शाई

पहिली शाई टँकमध्ये पडली की तो प्रिंटर त्या शाईचा झाला असं समजा. नंतर बदलायचं म्हटलं तर टँक, नळ्या, डॅम्पर, हेड सगळं धुऊन काढावं लागतं आणि तरी कुठंतरी उरतंच.

डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. फोटो पेपरवर ती चमकते आणि हेड तुंबवायची शक्यता तिची सर्वांत कमी. पण पाण्याचा थेंब पडला की पसरते आणि उन्हात उडते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. पाणी आणि ऊन दोन्ही ती जास्त सोसते, म्हणून फॉर्म, प्रोजेक्ट, शाळेच्या कागदांना चांगली. काही प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय असतात. त्या काळ्या टँकमध्ये "काळी ती काळी" म्हणून दुसरी काळी ओतू नका.

सब्लिमेशनची शाई वेगळीच. ती कागदावर मारायची आणि हीट प्रेसखाली साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला तिची वाफ होऊन कपड्यात शिरते. ती पॉलिएस्टरला धरते, कॉटनला धरत नाही. कॉफीचा मग छापायचा असेल तर तो कोटिंगचाच लागतो. आपल्याकडे शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन सुरू झाला की तालमींच्या संघांच्या जर्सीच्या ऑर्डरी येतात. जर्सी पॉलिएस्टरच्या असतात, त्यामुळे हे काम सब्लिमेशनचंच. पण गणपतीत मंडळं कॉटनचे टी-शर्ट मागतात, तेव्हा त्याच मशीनवर होकार देऊन फसू नका. कपड्याचं लेबल बघा, मगच पैसे घ्या.

कागद-फोटोचं आणि सब्लिमेशनचं अशी दोन्ही कामं करायची असतील तर दोन प्रिंटर घ्या. हे महाग वाटतं, पण एकाच प्रिंटरमध्ये आळीपाळीनं शाया बदलणाऱ्या एकाचंही दुकान नीट चाललेलं मी पाहिलेलं नाही.

पहिली भरणी

घाई करू नका, तासभर हातात ठेवा. प्रिंटर जिथं कायम राहणार तिथंच ठेवा. भरल्यावर त्याला हलवायचं नाही.

आधी पॅकिंगच्या सगळ्या निळ्या टेप शोधून काढा. हेडजवळची टेप आतच राहिल्यामुळे चालू करताच हेड अडकलेले प्रिंटर माझ्याकडे दरवर्षी येतात. वाहतुकीचा खटका असेल तर तो छपाईकडे. पिगमेंट किंवा सब्लिमेशनची बाटली असेल तर बंद असतानाच हळू उलटी-सुलटी करा, खाली बसलेले कण वर येतील. औषधाच्या बाटलीसारखी जोरात हलवू नका, फेस होतो आणि फेस म्हणजे हवा. बाटलीवरचा रंग आणि टँकवरचा रंग बोट ठेवून जुळवा. ओतताना धार टँकच्या भिंतीवरून सोडा. वरच्या रेषेवर थांबा.

मग चार्जिंग, म्हणजे नळ्यांत पहिल्यांदा शाई भरणं, सुरू करा. मॉडेलप्रमाणे १० ते २० मिनिटं लागतात. घरघर, खटखट आवाज येत राहतील. हेडखालचा पंप शाई नळ्यांमधून ओढून घेत असतो. या वेळात वीज गेली तर नळ्या अर्ध्या भरलेल्या राहतात. म्हणून पहिली भरणी यूपीएसवर करा, आणि वळवाच्या पावसाचं आभाळ आलं असेल तर दुसऱ्या दिवशी. चार्जिंग झाल्यावर टँकमधली पातळी उतरलेली दिसेल. ती शाई गळालेली नसते, नळ्यांत आणि हेडमध्ये भरलेली असते. बाटलीत उरलेली शाई ओतून पातळी परत रेषेवर आणा.

नोझल चेक वाचायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. नोझल चेक म्हणजे प्रत्येक नोझलची हजेरी. एल १३० मध्ये काळ्याची १८० आणि बाकी तीन रंगांची प्रत्येकी ५९ नोझल असतात. चेक पॅटर्नमधली एकेक बारीक रेघ म्हणजे एकेक नोझल. रेघ तुटली म्हणजे ते नोझल गैरहजर. पण ते का गैरहजर आहे हे एका कागदावरून कळत नाही. तीन कागद लागतात.

पहिला चेक काढा. त्यावर वेळ लिहा. एक क्लीनिंग द्या, दुसरा चेक काढा. पुन्हा एक क्लीनिंग, तिसरा चेक. आता तीनही कागद शेजारी शेजारी ठेवून तुटक्या रेघांच्या जागा बघा.

तीनही वेळा त्याच जागच्या रेघा गायब असतील तर ती नोझल सुकलेल्या शाईनं तुंबली आहेत. जागा दर वेळी बदलत असतील, आधी वरच्या रेघा गेल्या, नंतर त्या आल्या आणि खालच्या गेल्या, तर आत हवा आहे आणि फुगा इकडून तिकडे सरकतोय. एकेका क्लीनिंगनं चित्र आणखी बिघडत असेल तर हवा कुठूनतरी नव्यानं आत येतेय: सैल सांधा, तडकलेली नळी किंवा टँकमधली पातळी तळाला.

चौथा प्रकार जास्त फसवा. नोझल चेक एकदम स्वच्छ, एकही रेघ तुटलेली नाही, पण ए ४ फोटो मारला की वरचा भाग झकास आणि निम्म्यानंतर एखादा रंग फिका. दोन मिनिटं थांबून परत मारला तर परत तसंच. याचा अर्थ नोझल उघडी आहेत, पण मागून शाई हव्या त्या वेगानं येत नाही. हवेचं भोक बंद, नळी मुडपलेली, खटका अर्धवट किंवा डॅम्परची जाळी तुंबलेली. इथं हेड क्लीनिंग कितीही करा, उपयोग नाही. वाट मोकळी करावी लागते.

आणि पाचवा: एखादा रंग अजिबातच येत नाही आणि क्लीनिंगनं काडीचाही फरक पडत नाही. तेव्हा हेडखालची कॅप बघा. हेड विश्रांतीला जिथं बसतं तिथं रबराच्या कडेचा छोटा वाडगा असतो, तळाला स्पंज. क्लीनिंगच्या वेळी हाच वाडगा हेडला चिकटून शाई ओढतो. रबराच्या कडेवर वाळलेली शाई किंवा केस असेल तर तो चिकटत नाही, बाजूनं हवा घेतो आणि शाई ओढतच नाही. कॅपमध्ये डिस्टिल्ड वॉटरचे चार-पाच थेंब टाका आणि क्लीनिंग द्या. पाणी ओढलं गेलं तर पंप चांगला आहे. रबराची कड डिस्टिल्ड वॉटरनं ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं हलक्या हातानं पुसा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार मागे राहतात.

क्लीनिंग किती करायचं

फार थोडं. सलग तीनपेक्षा जास्त कधीच नाही. तिसऱ्यानंतरही सुधारणा नसेल तर प्रिंटर बंद करून किमान १२ तास सोडा. एप्सनच्या मॅन्युअलमध्येही हेच लिहिलेलं आहे आणि त्याला कारण आहे. बारीक फुगे शांत पडून राहिले की एकत्र येतात, वर चढतात किंवा शाईत विरतात, आणि सुकलेली शाई ताज्या शाईत भिजते. रात्री वैतागून सोडलेला प्रिंटर सकाळी आपोआप सुधारलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे पाळणं अवघड जातं, तरी पाळा.

नळ्यांतली सगळी शाई बदलणारं पॉवर क्लीनिंग हा शेवटचा उपाय. ते करायच्या आधी प्रत्येक टँक किमान एक तृतीयांश भरलेला हवा, नाहीतर ते शाईऐवजी हवाच ओढून घेईल आणि एका फुग्याच्या जागी सगळी नळीच रिकामी होईल.

क्लीनिंगची शाई कुठं जाते हेही बघून ठेवा. ती प्रिंटरच्या पोटातल्या जाड नमद्यासारख्या वेस्ट पॅडमध्ये जाते. प्रिंटर तिचा हिशोब ठेवतो आणि पॅड भरला असं वाटलं की काम थांबवतो. तेव्हा मोबाइलवर "रिसेट मारून देतो" म्हणणारे भरपूर भेटतात. रिसेटनं फक्त आकडा शून्य होतो, पॅड ओलाच राहतो. पॅड न बदलता दोनदा रिसेट केलेला प्रिंटर उचलला की खालून शाई निथळते. रिसेट करायचंच तर पॅड बदलून किंवा धुऊन पूर्ण वाळवूनच.

कोल्हापूरच्या ऋतूंप्रमाणे

प्रिंटर बंद करायचा तो त्याच्या बटणानंच. आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची सवय असते. बटण दाबलं की हेड आपल्या जागी जाऊन कॅपवर बसतं आणि झाकलं जातं. काम चालू असताना मेन पाडला तर हेड मध्येच कुठंतरी उघडं राहतं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या टपरीत असं हेड दोन रात्रींत सुकतं. काम चालू असताना वीज गेली तर आल्यावर आधी चालू करून हेड जागेवर बसू द्या, मग हवं तर बंद करा.

पावसाळ्यात हेडला त्रास कमी आणि कागदाला जास्त. जुलैच्या झडीत उघडी रिम ओल धरते, पानं कडेनं वळतात आणि वर उठलेली कड हेडला घासते. हेडच्या तळाला चिकटलेला कागदाचा धागा शाई ओढून घेतो आणि प्रिंटवर फरपटल्यासारखी रेघ येते. फोटो पेपर उघडला की उरलेला लगेच पिशवीत बंद.

गुलालाचं मात्र मी काकुळतीनं सांगतो. महाद्वार रोडवरून मिरवणूक जात असेल किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेचे दिवस असतील, तेव्हा रस्त्याकडच्या दुकानात गुलालाची भुकटी सगळीकडे बसते. ती कॅपच्या स्पंजात गेली की ओल्या शाईत कालवली जाते. हेडमागच्या पारदर्शक पट्टीवर बसली तर हेडला आपली जागाच कळत नाही आणि ते कडेला जाऊन आपटतं. त्या दिवशी प्रिंटर बंद, वर कापड आणि कापडावर प्लॅस्टिक.

काम नसलं तरी चार-पाच दिवसांनी सगळे रंग असलेलं एक छोटं चित्र छापा. शाई वाटेत थांबून राहू नये एवढाच हेतू. पिगमेंट आणि सब्लिमेशनसाठी हे अंतर आणखी कमी ठेवा.

हलवायची वेळ आली तर

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी आत यायला लागलं तेव्हा कितीतरी दुकानदारांनी प्रिंटर जमेल तसे उचलून वरच्या मजल्यावर नेले. पाण्यातून वाचलेले काही प्रिंटर नंतर शाईनं बिघडलेले निघाले. जिना चढताना ते कलते धरले गेले होते. टँकमधली शाई हवेच्या वाटेत शिरली आणि नळ्यांत हवा शिरली.

नेहमीच्या हलवाहलवीत एवढं करा: बटणानं बंद करा, हेड कॅपवर बसल्याची खात्री करा, खटका असेल तर वाहतुकीकडे, टँकची झाकणं घट्ट, आणि प्रिंटर कायम सपाट, न कलवता, दोघांनी धरून. मोटारसायकलवर बांधायची वेळ आलीच तर उभा कधीही बांधू नका. पोचल्यावर खटका परत छपाईकडे फिरवा आणि फिरवल्याचं एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या झाकणावर चिकटवा. दोन तास स्थिर राहू द्या, मग चालू करा.

पुढं डीटीएफकडे वळणाऱ्यांसाठी थोडं

टी-शर्टचं काम वाढलं की डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म: आधी फिल्मवर छापून मग कपड्यावर उतरवायचं) मशीनचा विचार डोक्यात येतोच. तिथली पांढरी शाई ही शाईच्या वाटेची खरी परीक्षा. तिच्यातला पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो आणि तो पाण्याच्या चौपट जड. रात्रभर मशीन थांबलं की तो टँकच्या तळाशी आणि नळीच्या प्रत्येक बाकात जाऊन बसतो. म्हणून या मशीनमध्ये टँकला ढवळणी आणि नळ्यांना शाई फिरवत ठेवणारा पंप असतो. घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: पांढरी शाई फक्त टँकमध्ये ढवळली जाते की डॅम्परपर्यंत फिरून परत येते? दुसऱ्या प्रकारचंच मशीन घ्या, आणि ते रात्रीही विजेवर राहील अशी सोय असेल तरच घ्या.

फ्लेक्सच्या मोठ्या मशीनमध्ये मोठ्या टाकीतली शाई पंपानं फिल्टरमधून हेडजवळच्या छोट्या सब-टँकमध्ये येते आणि तिथला फ्लोट पातळी सांभाळतो. मशीन खोलीएवढं असलं तरी सब-टँक आणि हेड यांच्यातला तोल तोच आहे, तुमच्या टेबलावरच्या प्रिंटरमधला. ज्यांनी तो छोट्या मशीनवर हातानं अनुभवलाय त्यांना मोठं मशीन शिकायला फार दिवस लागत नाहीत.

आज दुकानात गेल्यावर एक करा. शाईच्या प्रत्येक उघड्या बाटलीवर मार्करनं उघडल्याची तारीख लिहा, बाटल्या उभ्या, खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा, आणि एक स्वच्छ नोझल चेक काढून तारखेसह प्रिंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. बिघाड होईल तेव्हा तुलनेला तोच कागद लागेल.